मैत्रिणीनं दिलेला पूर आणि दहीपुलाजवळचे फ्रेमवाले

कुणीतरी स्वतःच्या हातानं काढून दिलेलं कागदावरचं चित्र नाशिकमध्ये नीट फ्रेम करून कुठं मिळतं, हे शोधताना मी गेल्या पावसाळ्यात बरीच दुकानं पालथी घातली. शेवटी जे दुकान सापडलं त्याबद्दल लिहिते आहे. दहीपुलाच्या बाजूला, एका जुन्या लाकडी वाड्याच्या तळमजल्यावर आहे. दुकानाला पाटी नाही. 'फ्रेमवाले कुठं?' एवढं विचारलं की समोरचा भांडीवाला हात करून दाखवतो. देवांच्या तसबिरी, लग्नातले फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो हा तिथला रोजचा धंदा. माझं काम वेगळं होतं आणि ते त्यांनी फार समजून केलं. पण आधी चित्राबद्दल सांगते, कारण चित्र काय आहे हे माहीत असल्याशिवाय त्या कामाचं मोल लक्षात येणार नाही.

चित्र जलरंगातलं आहे. १५ बाय २२ इंचांचा कागद, जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), सुती लगद्याचा. काढलंय माझ्या मैत्रिणीनं. ती शाळेत चित्रकला शिकवायची, आता निवृत्त झाली आहे. पंचवटीत आम्ही एकाच गल्लीत वाढलो. लग्नानंतर ती दोन गल्ल्या पलीकडे गेली आणि मी तिथंच राहिले, त्यामुळे आमच्यात अंतर असं कधी पडलंच नाही. गेल्या वर्षी आम्ही पंचवटीतलं घर सोडून इंदिरानगरला मुलाजवळ राहायला आलो, तेव्हा सामान बांधायच्या गडबडीत ती गुंडाळी घेऊन आली आणि म्हणाली, "हे ट्रकमध्ये टाकू नकोस, हातात धर."

चित्रात गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा, पूर आहे. नाशिकला राहणाऱ्याला दुतोंड्या मारुती म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच दोन तोंडांची, शेंदूर फासलेली मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सरकारी आकडे येतात क्युसेकमध्ये, पण गावाला पूर कळतो तो दुतोंड्यावरून. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. त्याच्याही पुढचं माप म्हणजे नारोशंकराची घंटा. नारोशंकराचं देऊळ १७४७ सालचं. वसईच्या विजयाची आठवण म्हणून तिथल्या वेशीवर बसवलेली ती भलीमोठी घंटा पाण्यानं गाठली, तर तो महापूर. १९६९ च्या पुराच्या गोष्टी आमच्या घरात वडीलमाणसं सांगायची. २००८ चा सप्टेंबर आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिला, आणि ४ ऑगस्ट २०१९ ला तर मारुती डोक्यासकट पाण्याखाली गेला होता. सराफ बाजारात पाणी शिरलं की दुकानदारांची रात्रभर उचलाउचल चालते, हे आमच्या लहानपणापासून दर काही वर्षांनी ठरलेलं.

तर आमची पद्धत अशी होती. पाऊस लागून राहिला की तिचा फोन यायचा, नाहीतर माझा जायचा. "किती आलंय गं?" "गुडघ्याला." एवढंच. फोन ठेवायचा. मग ज्या दिवशी "कमरेला" असं उत्तर यायचं, त्या दिवशी दोघी छत्र्या घेऊन घाटाच्या वरच्या अंगाला जाऊन उभ्या राहायचो. शाळेत असताना गुपचूप, पुढं मुलांना कडेवर घेऊन, आणि नंतर गुडघे धरून. पूर पाहायला जाण्यात काही अर्थ नसतो, असं आमच्या दोघींच्याही घरच्यांचं मत आहे. आम्हाला तो अर्थ कळतो आणि तेवढं पुरतं.

इंदिरानगरहून नदी दिसत नाही. पुराचं पाणी बघायला आता रिक्षा करून जावं लागणार, आणि गंगेवर पोचेपर्यंत पोलिसांनी रस्ता बंद केलेला असणार. हे माझ्या मनात होतं, पण मी तिच्याजवळ बोलले नव्हते. तिनं चित्रच काढून आणलं.

चित्र म्हणून ते कसं आहे, हेही सांगायला हवं. मैत्रिणीनं दिलं म्हणून चांगलं, असं माझं म्हणणं नाही. नाशिकला जलरंगाची स्वतःची मोठी परंपरा आहे. शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रं पाहून इथल्या कितीतरी मुलांनी हातात ब्रश धरला, आणि माझी मैत्रीण त्यातलीच. या माध्यमाची अडचण अशी की चुकलं तर खोडता येत नाही. पांढरा रंग वापरायचा नसतो. जिथं उजेड हवा तिथला कागद कोरा राखायचा. तिनं घाटावर बसून, जागेवरच काढलंय. पावसाळी हवेत रंगाचा हात लवकर वाळत नाही, आणि तिनं त्याचाच फायदा घेतला आहे. पाण्याचा सगळा भाग ओल्या कागदावर ओला रंग सोडून केलाय, त्यामुळे बर्न्ट सायना आणि अंबर हे तपकिरी रंग एकमेकांत शिरून खरोखर गढूळ, वळवळतं पाणी तयार झालंय. मग कागद वाळायची वाट बघून नारोशंकराचं शिखर काढलंय, धारदार कडांचं. पाणी हलतंय आणि दगड उभा आहे, हा फरक नुसत्या ओल्या-कोरड्यातून आलाय. सगळ्या करड्या-तपकिरी चित्रात एकच झणझणीत रंग आहे, तो दुतोंड्याचा शेंदरी. कमरेपासून वरचा.

उजवीकडच्या आभाळात चार-पाच ठिकाणी रंग फुलासारखा फुटलाय. अर्धवट ओल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला की असं होतं. एरवी चित्रकार ते टाळतात. इथं ते खरे पावसाचे थेंब आहेत, त्या सकाळचे. भुरभुर आली, तिनं कागदावर छत्री धरली, तोवर जे पडायचे ते पडले. तिनं ते तसेच ठेवले. चित्रातली माझी सगळ्यात आवडती जागा तीच आहे. डाव्या कडेला, कोऱ्या पट्टीत, तिनं रंग तपासून बघितलेले ठिपके आहेत. तेही तसेच. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं दोन ओळी लिहिल्यात: 'पाणी कमरेला लागलंय. पाऊस थांबलाय. पायरी निसरडी आहे, हळू ये.'

हे घेऊन मी फ्रेम करायला निघाले.

पहिल्या दोन-तीन दुकानांत काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्या बाबतीतही ते होऊ शकतं. एका ठिकाणी त्यांनी आभाळातल्या त्या फुलांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, डाग पडलेत. स्कॅन करून, साफ करून मस्त प्रिंट काढून देतो." दुसरीकडे सुचवलं की फेव्हिकॉल लावून प्लायवर चिकटवू आणि वरून लॅमिनेशन मारू, म्हणजे कागदाला कधी पोचाच पडणार नाही. हा सल्ला चांगल्या मनानंच दिला जातो, पण जलरंगाच्या चित्राचा त्यात कायमचा घात होतो. गोंदानं चिकटवलेला कागद पुन्हा सुटत नाही, आणि लॅमिनेशनच्या उष्णतेनं बसलेला प्लास्टिकचा थर काढायचा म्हटला तर रंगासकट निघतो. आणखी एका ठिकाणी कडा कापून सरळ करायचं म्हणत होते. कागदाच्या तीन बाजूंना कागद बनतानाच आलेली झिरझिरीत कड आहे आणि चौथी तिनं पट्टी धरून फाडलेली. ती कापली असती तर रंग तपासलेले ठिपकेही गेले असते. मी गुंडाळी काखेत धरून बाहेर पडले.

दहीपुलाजवळच्या दुकानाचं नाव मला आमच्या जुन्या शेजाऱ्यांनी सांगितलं. दुकानदार चाळिशीतले, मितभाषी. मुंबईत एका फ्रेमच्या कारखान्यात काही वर्षं काम करून आलेले. मी गुंडाळी पुढं केली तर म्हणाले, "थांबा ताई, हात धुतो." हात धुतले, नीट पुसले, टेबलावरचा काचेचा चुरा झटकून पांढरा स्वच्छ पुठ्ठा अंथरला आणि मग कागद उलगडला. मला तिथंच बरं वाटलं. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जागेवर केलंय ना? पाऊस पडलाय यावर."

त्यानंतर त्यांनी जे विचारलं ते मी आधीच्या एकाही दुकानात ऐकलं नव्हतं. कुठल्या भिंतीवर लावणार? ऊन येतं का? भिंतीला ओल येते का? स्वयंपाकघर जवळ आहे का? पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर नको म्हणाले, कारण पावसाचा मारा तिकडून असतो, भिंत आतून गार आणि दमट राहते, आणि काचेच्या आत बाष्प धरलं की कागदाला बुरशी येते. तपकिरी ठिपके पडतात, ते जात नाहीत.

मग त्यांनी कपाटावरून एक जुनी उघडलेली फ्रेम काढून दाखवली. कुणाचं तरी प्रशस्तिपत्र होतं. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, आतल्या कडेला चिकटून कागदावर चौफेर तपकिरी रेघ उठली होती. साध्या पुठ्ठ्यात लाकडाचा लगदा असतो, त्यातलं आम्ल हळूहळू कागदात उतरतं आणि कागद जाळतं. वरच्या कोपऱ्यांत सेलोटेपचे पिवळे, चिकट चट्टे होते. "बाहेरून बघाल तर फ्रेम एकदम ठीक होती," ते म्हणाले. मला वाटतं, गिऱ्हाइकाला घाबरवण्यासाठी नव्हे, तर पैसे कशाचे घेतो हे कळावं म्हणून ते ती फ्रेम ठेवून आहेत.

काम असं केलं. आम्लविरहित पुठ्ठा मुंबईहून मागवला, त्यात आठवडाभर गेला. चित्राच्या कडा पुठ्ठ्याखाली न दाबता पूर्ण कागद मोकळा दिसेल अशी रचना केली. चित्राच्या मागं त्याच्यापेक्षा थोडा लहान पुठ्ठा ठेवून कागद पाठीमागच्या पुठ्ठ्यापासून उचलून धरलाय, त्यामुळे झिरझिरीत कडेची बारीक सावली पडते आणि कागद कागद म्हणून दिसतो. डावीकडचे ठिपकेही दिसतात. चित्र धरून ठेवलंय ते फक्त वरच्या बाजूला, पातळ जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी, त्याही गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं चिकटवलेल्या. खळ ते स्वतः शिजवतात. पाणी लावलं की ती सुटते, म्हणजे उद्या कुणाला फ्रेम बदलायची झाली तर चित्राला धक्का लागणार नाही. खालची बाजू मोकळी सोडली, कारण सुती कागद पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. चारही बाजूंनी आवळला तर लाटा येतात. काच आणि चित्र यांच्यामध्ये चौकटीच्या खाचेत लपणारी बारीक पट्टी बसवली आहे, त्यामुळे काच रंगाला कुठंच टेकत नाही.

चौकटीसाठी त्यांनी फायबरचे सोनेरी नमुने दाखवलेच नाहीत. एका जुन्या वाड्याच्या तुळईतून निघालेलं सागवान त्यांच्याकडे होतं, त्याची पाऊण इंची सरळ पट्टी काढली. नक्षी नाही, चकाकी नाही, नुसतं मेण चोळलेलं. वाडे पाडल्यावर निघणारं हे लाकूड वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, त्यामुळे वाकत नाही आणि कोपरे उघडत नाहीत. कोपऱ्यांचे जोड मी नखानं तपासून पाहिले. कुठंही फट नाही.

हे सगळं चालू असताना कागद उलटा करताना ते थांबले. "ताई, मागं काहीतरी लिहिलंय. मी वाचलं नाही, पण अक्षर दिसलं. ते झाकायचं का?"

मी काही क्षण बोललेच नाही. मग सांगितलं की ते झाकायचं नाही, पण दुसरा मार्ग काय? त्यांनी थोडा विचार केला आणि सुचवलं की मागच्या सगळ्या थरांना त्या ओळींच्या मापाची खिडकी कापू. आत पारदर्शक पॉलिएस्टरची फिल्म घालू, म्हणजे धूळही जाणार नाही आणि वाचताही येईल. साधं प्लास्टिक नको, ते कालांतरानं चिकट होऊन अक्षर उचलतं, हेही त्यांनीच सांगितलं. या कामाचे जास्तीचे पैसे त्यांनी लावले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, "खिडकी कापायला कितीसा वेळ लागतो." वेळ लागला होता. कडा इतक्या सरळ आणि तिरक्या कापानं काढल्यात की पुढचं माउंट असतं तर तेही याहून नीट झालं नसतं.

एकूण २,४०० रुपये झाले. फायबरच्या चौकटीत साधा पुठ्ठा आणि काच घालून हेच काम बाजारात निम्म्याहून कमी पैशांत होतं. देवाच्या छापील तसबिरीला तेवढं पुरे, त्यात काही गैर नाही. मूळ चित्राला, जे जगात एकच आहे, त्याला हे पैसे मला योग्य वाटले. यूपीआय चालतं. पक्की पावती मागितली तर देतात, आपणहून देत नाहीत. ती मागून घ्या आणि तिच्यावर कुठला पुठ्ठा, कुठली काच हे लिहून घ्या.

कमी वाटलेल्या गोष्टीही आहेत. काच साधी, दोन मिलिमीटरची आहे, आणि समोर खिडकी असेल तर तिच्यात खिडकीच दिसते. माझ्या हॉलमध्ये संध्याकाळी पुराच्या पाण्यात समोरच्या इमारतीचे दिवे चमकतात. प्रतिबिंब न पडणारी काच त्यांच्याकडे मागवावी लागते आणि ती बरीच महाग पडते. अतिनील किरण अडवणारी काचही तेव्हा नव्हती. मैत्रिणीनं आभाळाच्या जांभळ्या छटेत अलिझरिन क्रिमसन वापरलाय, आणि तो लाल रंग उजेडानं फिका पडत जातो, हे तिनंच मला बजावलं होतं. म्हणून आम्ही ऊन न येणारी आतली भिंत निवडली. ज्यांच्या घरात अशी भिंत नाही त्यांनी काचेसाठी थांबावं. पैसे वाचवू नयेत. आणखी एक, काम सांगितलेल्या दिवशी मिळालं नाही. पुठ्ठा यायला उशीर झाला आणि त्यांनी फोन करून कळवलं नाही, मलाच विचारावं लागलं. भेटवस्तू म्हणून ठरलेल्या तारखेला हवी असेल तर दोन आठवडे हाताशी ठेवा. आणि घरपोच देत नाहीत.

मैत्रीण बघायला आली तेव्हा चित्रासमोर उभी राहिलीच नाही. सरळ जाऊन फ्रेम भिंतीपासून पुढं ओढली आणि मागं डोकावली. आयुष्यभर मुलांची चित्रं प्रदर्शनांना पाठवलेली बाई, तिला ठाऊक की फ्रेम मागून तपासायची. खिडकी दिसल्यावर म्हणाली, "हे कुणी सुचवलं?" मी सांगितलं. "मला त्यांच्याकडे ने." गेलो. तिथं दोघं कागद, खळ आणि बुरशी यांवर इतका वेळ बोलत बसले की मला शेजारच्या टपरीवर चहा घेऊन यावं लागलं. तिच्या पलंगाखाली कितीतरी वर्षांची चित्रं सपाट ठेवलेली आहेत, घाटाची, गोऱ्या रामाची, सांडव्यावरच्या देवीची, पाडल्या गेलेल्या वाड्यांची. ती कधी कुणाला दाखवायची नाही. त्यातली निवडक आता एकेक करून त्या दुकानात जात आहेत. याचा आनंद मला माझ्या भिंतीवरच्या चित्राइतकाच आहे.

यंदा श्रावणात धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली तेव्हा मी फोन केला. "किती आलंय गं?" ती म्हणाली, "तुझ्याकडे आहे तेवढंच." आणि आम्ही बोलत राहिलो, त्या दिवशी फोन लगेच ठेवला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. नुसती मापं सांगून फ्रेम करायला टाकू नका, चित्र बरोबर न्या. गुंडाळी करून नेलं तर रंगाची बाजू आत येऊ देऊ नका आणि मधे गुळगुळीत बटर पेपर घाला. चित्र ज्यानं काढलंय त्याला कुठले रंग वापरले हे विचारून जा, फ्रेमवाले नक्की विचारतात. भिंतीवर लावताना फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना रबराच्या छोट्या गुंड्या लावून घ्या, त्यानं मागून हवा खेळते. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. गाडी तिथं लावायला जागा नाही. शालिमारला उतरून चालत जा. आणि बुधवार टाळा. गंगेवर बाजार असतो, सगळे रस्ते माणसांनी भरलेले असतात आणि काचेची फ्रेम सांभाळत रिक्षापर्यंत पोचणं फार कठीण जातं.